शुक्रवारी बाराच्या आत

ट्रूडी वाइबलने गवत कापायचा धंदा सुरू केला तेव्हा मी तिला वेड्यात काढलं होतं, हे आधीच कबूल करून टाकतो. तेव्हा मी तिचा कॅप्टन होतो. आमच्या अग्निशमन दलात चोवीस तास ड्यूटी आणि मग अठ्ठेचाळीस तास सुट्टी. सकाळी सातला आत, दुसऱ्या दिवशी सातला बाहेर. लोकांना वाटतं, दोन दिवस सुट्टी म्हणजे नुसती चैन. पण रात्रीत चार वेळा घंटा झाली की दुसऱ्या दिवशी माणूस उभ्याउभ्या झोपतो. वरकामापायी तब्येतीचं वाटोळं करून घेतलेले चांगले चांगले गडी मी पाहिले होते.

"झोप कधी घेणार तू?" मी तिला विचारलं.

"पावसात," ती म्हणाली. "पावसात गवत कापत नाहीत, कॅप्टन."

सुरुवात मात्र तिने धंदा म्हणून केलीच नव्हती. मिसेस ऑस्ट्रँडर नावाच्या म्हाताऱ्या बाई अंगणात गवताचं मशीन ढकलता ढकलता पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांना उचलायला आमचीच गाडी गेली होती. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर ट्रूडी घरी न जाता थेट त्यांच्या अंगणात गेली आणि अर्धवट राहिलेलं गवत कापून आली. का, तर अर्धं कापलेलं अंगण तिला डोळ्यांसमोरून हलेना. शेजारच्याने कुंपणावरून विचारलं, "माझंही करशील का?" त्याच्या शेजारच्याने त्याला विचारलं. वर्षभरात तिच्याकडे एकवीस अंगणं झाली.

फोन घ्यायची तिची आई, ओपल. कंपनीचे कागदही ओपलच्याच नावावर होते. ओपलने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती. आमच्या गावात पन्नाशीच्या आतला जो कोणी आहे तो कधी ना कधी तिचं ओरडणं खाऊन मोठा झालेला आहे. आवाज असा, की फोन नसता तरी गिऱ्हाइकाला ऐकू गेलं असतं.

मी निवृत्त झालो, सहा वर्षं गेली. माझा दिवस आता कोर्टासमोरच्या जेवणघरात सुरू व्हायचा. मी, डच हॉफस्टेटर आणि मेरिट पूल, तिघेही जुने अग्निशामक. खिडकीजवळचं टेबल आमचं. कॉफी प्यायची आणि समोर कोण काय चुकीचं करतंय ते एकमेकांना सांगायचं, हे काम आम्ही नियमाने करत होतो. सगळ्यात जास्त बोलणी खायचं ते कोर्टाचं आवार. मध्ये दगडी इमारत, चारी बाजूंना हिरवळ, मोठमोठे ओक, आणि उत्तरेला रस्त्याकडे उतरणारा एक भलताच उभा चढ. हॉलिस ग्रब नावाच्या माणसाकडे नऊ वर्षं त्याचं कंत्राट होतं. सहा मशिनं, दोन ट्रक, आणि गवतावर राग काढल्यासारखी कापणी. कुठे टक्कल, कुठे ओल्या गवताचे गोळे तसेच पडलेले.

"न्हाव्याला उचकी लागली असावी," डच म्हणायचा.

गेल्या वसंतात काउंटीने, म्हणजे आमच्या जिल्ह्याने, नवीन निविदा काढली आणि ट्रूडीने अर्ज भरला. काउंटीचे कारभारी फेन्स्टरमेकर, तब्येतीने बारीक, बोलण्यात मोजके. त्यांनी अट वाचून दाखवली. एप्रिल ते ऑक्टोबर, दर शुक्रवारी दुपारी बाराच्या आत आवार तीन इंचांवर कापून, कडा छाटून, झाडून तयार हवं, कारण शनिवारी तिथे बाजार भरतो आणि लग्नं लागतात. एक शुक्रवार चुकला, तर कंत्राट दुसऱ्या नंबरच्या माणसाकडे. दुसरा नंबर अर्थातच ग्रबचा.

"तुमचा दर तिसरा शुक्रवार ड्यूटीत जातो ना?" फेन्स्टरमेकरांनी विचारलं. "मग?"

"बघते," ट्रूडी म्हणाली.

तिने काय बघितलं, ते सांगतो. तीन शिफ्ट असतात, ए, बी आणि सी. कुठल्याही दिवशी एक आत आणि दोन बाहेर. तिने बी शिफ्टच्या लमार टिब्जला आणि सी शिफ्टच्या युजेनियो बरेराला, म्हणजे हेनोला, भागीदार करून घेतलं. या तिघांची गाठ पडायची ती सकाळी सातला, स्टेशनच्या दारात, एक आत जाताना आणि एक बाहेर पडताना. तिथेच ट्रकची किल्ली या हातातून त्या हातात जायची.

"दक्षिणेकडच्या कडा राहिल्यात. आणि मधल्या ओकाखाली गांधीलमाशा आहेत."

"किती?"

"मी मोजायला थांबलो नाही, भावा."

एवढ्यावर धंदा चालला. मे संपेपर्यंत आवाराचा रंग पालटला. हेनो आडवेतिडवे पट्टे असे काढायचा की लोक गाडी थांबवून बघायचे. खिडकीतल्या आम्हा तिघांना बोलायला विषयच उरला नाही.

मग जूनमधला तो शुक्रवार आला. दुसऱ्या दिवशी गावाचा स्थापना दिन होता, एकशे पंचाहत्तरावा. कोर्टाच्या हिरवळीवर बँड, भाषणं, पंगत, अख्खी काउंटी जमणार होती. आठवडाभर पाऊस झाल्यामुळे गवत घोट्याच्या वर आलं होतं. त्या दिवशी कापायची पाळी लमारची होती.

पहाटे पावणेसहाला रेल्वेपलीकडच्या धान्याच्या गिरणीला आग लागली. घरातल्या जुन्या रेडिओवर मी ऐकत होतो. गिरणीत धान्याचा भुस्सा असतो, तो हवेत उडाला आणि ठिणगी मिळाली तर बाँबसारखा उडतो. आणि गिरणीला लागून घरांची रांग. साडेसहाला हुकूम सुटला, सगळ्या शिफ्ट, सुट्टीवरच्यांसकट, ताबडतोब हजर. ए, बी, सी, सगळे. गावात कामाला उभा राहील असा एकही अग्निशामक उरला नाही.

मी आठला जेवणघरात पोचलो. डच आणि मेरिट आधीच बसले होते. पूर्वेला काळा धूर दिसत होता. अशा दिवशी निवृत्त माणसाला कसं वाटतं ते मी सांगू शकणार नाही. हात टेबलावर ठेवावेत की मांडीवर, हेही कळत नाही.

सव्वाआठला बाहेर ब्रेक करकरले. ट्रूडीचा ट्रक, मागे ट्रेलर, आणि चालवायला ओपल. फुटपाथला इंचभर अंतर सोडून तिने तो आख्खा सांगाडा एका झटक्यात लावला आणि दार ढकलून आत आली. वय एकाहत्तर, डोक्याला फुलांचा रुमाल, पायात नातवाचे फुटबॉलचे बूट.

"उठा," ती म्हणाली.

"ओपल, अगं काय झालं?" मी विचारलं.

"काय झालं? ए शिफ्ट आगीत, बी शिफ्ट आगीत, सी शिफ्ट आगीत. फेन्स्टरमेकरचा फोन आला होता, आवारात कोणी दिसत नाही म्हणून. मी म्हटलं, दिसतील. तुम्ही तिघं डी शिफ्ट. उठा."

"माझ्या छातीत पेसमेकर आहे," डच म्हणाला.

"मग वेळेवर चालशील. तुझं ते जुनं ढकलायचं मशीन घेऊन ये."

"माझा खुबा बदललाय," मेरिट म्हणाला.

"नवीन आहे तर वापर की. वेंडल, तुझं काय? तूही सांग, एकदाच रडून घ्या."

माझा गुडघा खराब होता. तरी टोपी घातली आणि उठलो. कॉफी तशीच राहिली.

मशीन ट्रेलरवरून उतरवायला आम्हाला दहा मिनिटं लागली. बसून चालवायचं ते मोठं मशीन, त्याला स्टीअरिंग नसतं, दोन हातांत दोन दांडे. ओपल आयुष्यात कधी त्यावर बसली नव्हती. ट्रूडी बसूच द्यायची नाही. तिने पट्टा आवळला, दांडे पुढे ढकलले आणि मशीन जे सुटलं ते थेट आवारातल्या सैनिकाच्या पुतळ्याकडे.

"ओढ! मागे ओढ!" मी ओरडलो.

पुतळ्यापासून हातभर अंतरावर ते गरकन फिरलं, जागच्या जागी दोन गिरक्या घेतल्या आणि थांबलं. ओपल रुमाल सरळ करत म्हणाली, "बसपेक्षा सोपं आहे. मागे पोरं नाहीत."

पहिले तीन पट्टे सापासारखे गेले. चौथा सरळ गेला. पाचव्यानंतर मी तिच्याकडे बघायचं सोडून दिलं.

मेरिटने कडा छाटायचं यंत्र खांद्याला अडकवलं आणि ओकांच्या बुंध्यांभोवती गोल गोल फिरू लागला. डच आपलं जुनं मशीन ढकलत बाकांच्या मधून, पायऱ्यांच्या कडेने. मी पुढे पुढे फांद्या उचलत आणि मागून ओल्या गवताचे गोळे दाताळ्याने ओढत. गवत जड होतं. दर पंधरा मिनिटांनी मशीन उलटं करून खालचा गाळ खरवडावा लागायचा. दहा वाजेपर्यंत माझा शर्ट अंगाला चिकटला होता आणि डच लालबुंद झाला होता.

"बस जरा," मी त्याला म्हटलं.

"तू बस. तू कॅप्टन होतास, तुला बसायची सवय आहे."

तीस वर्षं हा माणूस माझ्याशी असाच बोलत आला आहे. मला एकदम बरं वाटलं.

अकराला हॉलिस ग्रब आला. दोन्ही ट्रक, सहाही मशिनं, चार माणसं. त्याने ट्रक कोर्टासमोर लावला आणि बोनेटला टेकून हाताची घडी घालून उभा राहिला. पाठोपाठ फेन्स्टरमेकर आले, हातात कागद लावलेली पाटी, खिशात मोजायची पट्टी.

"घाई नाही," ग्रब म्हणाला. "मी बारा वाजेपर्यंत थांबतो. मग म्हाताऱ्यांना सावलीत बसवा आणि मी खरी माणसं उतरवतो."

ओपलने मशीन बंद केलं.

"हॉलिस," ती म्हणाली, "सहावीत असताना तू माझ्या बसच्या शेवटच्या सीटखाली च्युइंगम चिकटवायचास. मी तुला ते खरवडायला लावलं होतं. आठवतं?"

ग्रबच्या माणसांपैकी एकजण खाली बघून हसला.

"तेव्हाही तू नीट खरवडलं नव्हतंस," ओपल म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

सव्वाअकराला सपाट भाग संपला. उरला उत्तरेचा चढ. तिथे बसायचं मशीन नेलं तर उलटतंच. ट्रूडी, लमार, हेनो तिथे कापणी यंत्र हातात धरून चालत उतरतात, पण त्यांचे पाय तिशीतले. मेरिट दोन पावलं उतरला आणि नवीन खुब्याच्या बाजूचा त्याचा पाय घसरला. मी त्याला काखेत धरून वर ओढलं.

"संपलं," मेरिट म्हणाला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

ग्रबने घड्याळ बघितलं.

मी त्या चढाकडे बघत उभा राहिलो. तीस वर्षांत मी माणसं विहिरीतून काढली आहेत, धान्याच्या कोठीतून काढली आहेत, नदीच्या दरडीवरून खाली सोडली आहेत. आणि समोर होता पंचवीस फुटांचा हिरवा उतार.

"डच," मी म्हटलं, "तुझं मशीन नव्यांसारखं नाही, हँडल सोडलं तरी चालू राहतं ना?"

"एकोणीसशे चौऱ्याहत्तरचं आहे. ते बंद करायलाच त्रास होतो."

"ट्रकमध्ये दोरी आहे?"

ओपलने ट्रेलरच्या पेटीतून दोरी काढली. ट्रूडीची होती, आमच्या दलातली असते तशीच, नीट गुंडाळलेली. मी चढाच्या माथ्यावरच्या ओकाला दोरीचे दोन वेढे दिले, एक टोक डचच्या मशीनच्या हँडलला बांधलं, दुसरं माझ्या हातात. सहा वर्षांत मी गाठ मारली नव्हती. बोटांनी ती माझ्याआधी मारून टाकली.

"खाली कोणी उभं राहू नका!" मी ओरडलो, आणि तो आवाज माझा जुना आवाज होता. फेन्स्टरमेकर चार पावलं मागे सरकले. ग्रबसुद्धा सरकला.

डचने मशीन सुरू करून कडेवरून ढकललं. मी दोरी सोडत गेलो, वेढ्यावर ताण ठेवत, हळूहळू. मशीन गुरगुरत सरळ रेषेत खाली उतरलं, रस्त्यापाशी थांबलं. मग मी, डच आणि ओपल, तिघांनी मिळून ते वर ओढलं. मागे एक स्वच्छ हिरवा पट्टा. हातभर बाजूला सरकवलं, पुन्हा खाली. पुन्हा वर. मेरिट बाकावर बसून ओरडत होता, "डावीकडे! अजून डावीकडे! आता सोड!" आयुष्यभर हा माणूस पंपाच्या गाडीवर बसून आम्हाला असाच सांगायचा.

तोपर्यंत जेवणघर रिकामं झालं होतं. वाढणारी पोरगी, आचारी, बँकेतले दोघं, कोर्टाचे कारकून, सगळे फुटपाथवर. प्रत्येक पट्टा संपला की ते ओरडायचे. दहाव्या पट्ट्याला आचाऱ्याने ॲप्रन काढून दोरीला हात लावला. मी त्याला म्हटलं, "माझ्या मागे, आणि मी म्हणेन तेव्हाच ओढ." त्याने मान डोलावली, एखाद्या नव्या भरतीसारखी.

शेवटचा पट्टा बाराला आठ मिनिटं असताना वर आला. ओपलने पायऱ्यांवरचं गवत झाडलं, मी फुटपाथ झाडला. बाराला दोन मिनिटं असताना मी झाडू खाली ठेवला.

फेन्स्टरमेकर आवारात फिरले. पाच ठिकाणी गुडघे टेकून त्यांनी पट्टी लावली. "तीन इंच," दर वेळी म्हणाले. चढावरही दोरी धरून उतरले आणि तिथूनही आवाज आला, "तीन."

"एक मिनिट," ग्रब म्हणाला. "करारात लिहिलंय, काम कंपनीच्या माणसांनी करायचं. हे कोण?"

फेन्स्टरमेकरांनी ओपलकडे बघितलं. ओपल मशीनवरून उतरली, बुटाला चिकटलेलं गवत झटकलं.

"कंपनी माझ्या नावावर आहे. कागद तुमच्याच कपाटात आहेत. आणि या तिघांना मी सकाळी सव्वाआठला कामावर घेतलं. पगार ठरलाय, रोज एक रूबार्ब पाय, माझ्या ओव्हनमधला, आंबटगोड."

"प्रत्येकी?" डचने विचारलं.

"प्रत्येकी."

फेन्स्टरमेकरांनी पाटीवर सही केली. हा माणूस हसलेला मी पाहिला नव्हता. तेव्हाही तो हसला नाही, पण सही जरा मोठी केली. फुटपाथवर टाळ्या सुरू झाल्या. ग्रब ट्रककडे वळला, मग थांबला आणि चढाकडे बघत म्हणाला, "दोरीची युक्ती चांगली होती, कॅप्टन." एवढं बोलला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

दुपारी दोनला लमारची गाडी आली. आत तिघंही, ड्यूटीवरच्यालाही अर्धा तास सोडलं होतं. आग आटोक्यात आली होती. गिरणीची एक कोठी गेली, पण घरांची रांग अख्खी वाचली आणि कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. तिघांची तोंडं काजळीने काळी, डोळे लाल. ते माफी मागायला आले होते. रस्ताभर काय बोलायचं ते ठरवत आले होते, असं लमारने नंतर सांगितलं.

ट्रूडी गाडीतून उतरली आणि फुटपाथवरच उभी राहिली. आवाराकडे बघितलं, चढाकडे बघितलं, मग बाकावर रांगेने बसलेल्या आम्हा चौघांकडे. आमच्या मांडीवर ओपलच्या रूबार्ब पायच्या बशा होत्या.

"आई," ती म्हणाली, "तू मशीनवर बसलीस?"

"बसले."

"चढ कोणी केला?"

"वेंडलने. झाडाला बांधून."

ट्रूडी माझ्याकडे वळली. मग ती त्या हिरवळीवर बसली, आणि बसल्या बसल्या आडवी झाली, हात पसरून, काजळीसकट. लमार तिच्या बाजूला पडला. हेनो मात्र पट्ट्यांच्या कडेने चालत गेला, डोळे बारीक करून.

"हे पहिले तीन वाकडे आहेत, मिस ओपल."

"ते तुझ्यासाठी ठेवलेत," ओपल म्हणाली. "नाहीतर तुला काय काम उरलं असतं?"

हेनो हसायला लागला तो थांबेना. त्याला बघून लमार, मग ट्रूडी, पडल्या पडल्या, पोट धरून.

दुसऱ्या दिवशी त्या हिरवळीवर दोन हजार लोक होते. बँड वाजला, लहान पोरं चढावरून लोळत खाली गेली आणि पुन्हा वर आली. महापौरांनी भाषणात अग्निशामकांना मंचावर बोलावलं. ए शिफ्ट गेली, बी गेली, सी गेली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ट्रूडीने माईक हातात घेतला आणि म्हणाली, "अजून एक शिफ्ट राहिली."

डच मला म्हणाला, "मी नाही जाणार." आणि माझ्याआधी उठला. पायऱ्या चढताना मेरिटला आम्ही दोघांनी धरलं होतं. ओपल पुढे, डोक्याला नवा रुमाल. वर पोचल्यावर मी समोर बघितलं. माझी बायको आर्लीन तिसऱ्या रांगेत उभी होती, दोन्ही हात वर करून ओरडत होती, आणि ती आमच्या लग्नातही ओरडली नव्हती.

सोमवारी सकाळी माझे दंड इतके दुखत होते की कप उचलेना. आर्लीनने विचारलं, "आज जेवणघरात जाणार नाहीस?"

"नाही," मी म्हटलं. "साडेसातला ट्रूडीकडे जायचंय. आज जे सुट्टीवर आहेत त्यांना दोरी सोडायला शिकवायचंय. हेनो म्हणतो, शुक्रवारचा चढ आता तो दुसऱ्या कुठल्याच पद्धतीने कापणार नाही."